एकाच दिवशी पेरलेली दहा पाकिटं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला आणि फोटोही मोठे करून बघितले. आधी मला जे समजलं ते लिहिते, काही चुकलं असेल तर सांगा. इंदूरच्या राजेंद्र नगरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, ऑनलाइन किटमध्ये दहा भाज्यांची पाकिटं आली आणि घटस्थापनेचा चांगला दिवस बघून तुम्ही दहाच्या दहा एकदम पेरली. सगळं बी बोटाच्या एका पेराएवढं खोल, माती म्हणजे कॉलनीच्या बागेतली काळी माती आणि घरचं ओल्या कचऱ्याचं खत अर्धं अर्धं, पाणी सकाळ-संध्याकाळ मगाने, आणि कबुतरं उकरतात म्हणून कुंड्या बाल्कनीच्या दाराच्या आत हॉलमध्ये. आता दसरा होऊन गेला. मेथी आणि मुळा छान आले, भेंडीची दोन-तीन आणि गिलकीचं एक रोप दिसतंय, पालक तुरळक, टोमॅटो आले पण दोऱ्यासारखे लांब होऊन आडवे पडले, आणि कोथिंबीर, गाजर, मिरची, वांगं यांचा पत्ताच नाही. तुम्ही विचारताय की किटवाल्याने नकली बी दिलं का, आता कोणतं खत घालू, की बियाण्याचा नाद सोडून नर्सरीतून रोपंच आणू.

माझा धंदा रोपांचाच आहे, राऊच्या बाजूला आमची भाजीच्या रोपांची छोटी रोपवाटिका आहे, शेतकरी ट्रेच्या ट्रे नेतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहरातले लोक घरच्या कुंड्यांसाठी चार-चार रोपं नेतात. तरी तुम्हाला एवढ्यात रोपांकडे वळा असं मी म्हणणार नाही, कारण तुमच्या बियांपैकी बऱ्याचशा अजून मेलेल्याच नाहीत. खरी अडचण बियाण्याची नाहीये. बी उगवणं हे एक काम आणि उगवलेलं रोप जगवणं हे दुसरं काम, दोन्हींच्या गरजा वेगळ्या, आणि तुमच्याकडे दहा तऱ्हेच्या बियांना एकच तारीख, एकच खोली, एकच पाणी मिळालं. काही बिया पहिल्या कामात अडल्यात, टोमॅटो दुसऱ्या कामात अडलेत. हे वेगळं करून बघितलं की उत्तर आपोआप सुटं होतं.

बी उगवायला तीन गोष्टी लागतात, ओल, हवा आणि ऊब. भाजीच्या बहुतेक बियांना उगवेपर्यंत उजेड लागत नाही. तुमच्या देवघरात घट बसवला असेल तर तो आठवा, पत्रावळीवरच्या मातीत गहू किती भराभर उगवतो, आणि नवव्या दिवशी तो कसा दिसतो? उंच, नाजूक, पिवळट, जरा धक्का लागला की लवणारा. उगवायला अंधार चालला, पण उगवल्यावर उजेड मिळाला नाही म्हणून तो उजेड शोधत नुसता वर पळाला. तुमच्या हॉलमधल्या टोमॅटोचं अगदी हेच झालंय. त्यात बियाण्याचा काही दोष नाही, उलट बी चांगलं होतं म्हणूनच एवढं उठलं.

आता उबेचं बघू, कारण इथे बाकीच्या पाकिटांचा उलगडा होतो. नवरात्राच्या सुमारास आपल्या इंदूरात पाऊस ओसरत आलेला असतो, दिवसा ३२-३३ पर्यंत जातं आणि रात्री १८-२० च्या आसपास येतं. ही हवा टोमॅटो, मेथी, मुळा, पालक यांना छान मानवते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते, मुळा चार-पाच दिवसात, टोमॅटो सहा ते आठ दिवसात. पण कोथिंबीर दहा-बारा दिवस सहज घेते, गाजर दहा ते पंधरा, आणि मिरचीला २५ ते ३० डिग्री सतत मिळालं तर आठ-दहा दिवस, रात्री गार झाल्या की दोन-तीन आठवडेसुद्धा. वांगंही मिरचीच्याच जातकुळीचं, फक्त थोडं लवकर येतं. म्हणजे तुम्ही ज्यांना गेलं समजताय त्यातल्या बऱ्याचशा अजून आपल्या वेळेतच आहेत. कृपा करून माती उकरून बघू नका, मोड आलेलं बी एकदा हललं की त्याचं नाजूक मूळ तुटतं आणि मग खरंच जातं. एका फोटोत मिरचीच्या कुंडीत बोटाची खळगी दिसतेय म्हणून लिहिलं.

भेंडी आणि गिलकीचा प्रकार याच्या उलटा. ही उन्हाळी-पावसाळी मंडळी, त्यांना गरम माती हवी. आत्ता जी उगवलीत ती उगवलीत, पण नोव्हेंबरात रात्री १४-१५ वर आल्या की ती जागच्या जागी थांबतील, पानं पिवळी पडतील आणि भेंडीला एखाद-दुसरी शेंग लागली तर लागली. तिथे तुम्ही कितीही काळजी घेतली तरी हिवाळा तुमचं ऐकणार नाही. आपल्याकडे भेंडी, गिलकी, दोडका, दुधी, काकडी यांच्या दोनच खऱ्या वेळा, एक फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च आणि दुसरी जून-जुलै, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा सप्टेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत कधीही, आणि तेही एकदम सगळं न पेरता दर पंधरा दिवसांनी मूठ-मूठ. गाजर, बीट, वाटाणा ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे महिन्यात मला लोक कोथिंबिरीचं विचारायला येतात, चाळीसच्या वरच्या उन्हात तापलेल्या कुंडीत ती एक तर उगवत नाही, आणि हिरव्या नेटखाली उगवलीच तर पानं धरायच्या आधी फुलावर जाते. मी तेव्हा बी विकायला सरळ नाही म्हणते.

मग खोली. एक पेर म्हणजे जवळजवळ एक इंच झालं, तेवढं भेंडी, गिलकी, वाटाण्याला ठीक आहे, पण टोमॅटो, वांगं, मिरचीला अर्धा सेंटीमीटर पुरे आणि गाजराच्या बीवर तर नुसती चाळलेल्या मातीची भुरभुर. बीच्या आत जो शिधा असतो तेवढ्याच्या जोरावर त्याला उजेडापर्यंत पोचायचं असतं, बारीक बीचा शिधा थोडा, तो वाटेतच संपतो. अंदाज म्हणून बीच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर, बस. तुमचं गाजर आलं नाही तर कारण बहुतेक हेच असेल, आणि गाजराचं बी जुनं झालं की तसंही लवकर दम सोडतं.

कोथिंबिरीचं एक वेगळं. आपण जो गोल दाणा पेरतो त्यात दोन बिया असतात, वर कडक साल. लाटण्याने हलकं रगडून दाणा दुभंगवायचा, पिठासारखा भुगा करायचा नाही, रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी निथळून सेंटीमीटरभर खोल पेरायचा. किटमधल्या पुडीत मोजके दाणे असतात, त्यापेक्षा सियागंजच्या किराणा बाजारातून किंवा कोपऱ्यावरच्या किराण्यातून साधा धणा आणला तरी उगवतो, फक्त या वर्षीचा ताजा माल बघून घ्या, हिरवट झाक असलेला, वास असलेला. आपल्या मध्य प्रदेशात गुना-कुंभराजकडे धण्याचं एवढं पीक येतं, चांगला धणा मिळायला अडचण नाही. पालकाचं खडबडीत बीसुद्धा रात्रभर भिजवलं तर एकसारखं उगवतं. त्या एका खडबडीत दाण्यातून दोन-तीन रोपं निघतात, तेव्हा ती दाट दिसली तर घाबरू नका, कात्रीने विरळणी करा आणि कापलेली वरणात टाका.

आता माती आणि पाणी, आणि खरं सांगायचं तर नव्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आपली माळव्याची काळी माती शेतात सोनं आहे, गहू-हरभरा-सोयाबीन तिच्यावरच उभा आहे, पण कुंडीत एकटी घातली की बारीक बियांना ती छळते. ओली झाली की फुगून चिकट होते, तिच्यातली हवा जाते, आणि सुकली की वर पापडी धरते, भेगा पडतात, तो पापडीचा थर फोडायची ताकद टोमॅटोच्या कोंबात नसते. त्यात तुम्ही मगाने दोन वेळा पाणी ओतताय, म्हणजे सकाळी चिखल आणि तुमच्या फोटोत दिसतोय तो हिरवट शेवाळासारखा थर. तो थर म्हणजे मातीला सुकायला वेळच मिळत नाहीये याची खूण. बी पाण्यात बुडून राहिलं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं, त्यामुळे ओल आणि हवा दोन्ही एकदम हव्या, हे ध्यानात ठेवा. पाण्याची परीक्षा अशी, मिश्रण मुठीत घट्ट दाबा, गोळा व्हायला हवा पण बोटांमधून पाणी गळायला नको. पेरायच्या आधीच एवढं ओलं करून घ्यायचं, पेरल्यावर वरून स्प्रेने हलकं, आणि मग त्यावर ओलं पोतं किंवा वर्तमानपत्र झाकून ठेवलं की तीन-तीन दिवस पाणी द्यावं लागत नाही. पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ते झाकण काढायचं. उद्या काढू म्हटलं तर उद्या तुमचा घटातला गहू तयार.

बी टाकायचं मिश्रण मी घरी कुंड्या लावणाऱ्यांना असं सांगते, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग माती, आणि माती काळीच असेल तर तिच्यात बांधकामाची धुतलेली वाळू मूठभर जास्त. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पिळून ते पाणी फेकून द्या, त्यात क्षार असू शकतात. कोकोपीटला एक खोड आहे, वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, म्हणून डोळ्याने बघून पाणी देऊ नका, बोट खुपसून बघा किंवा कप उचलून वजन बघा. आणि टोमॅटो, मिरची, वांग्याला मोठी कुंडी कशाला? चहाचे कागदी कप, खाली दोन-तीन भोकं, प्रत्येकात दोन बिया, उगवल्यावर कमजोर असेल ते कात्रीने कापायचं, ओढून काढायचं नाही. कप एका ताटलीत ठेवून ताटलीत पाणी घाला, पंधरा-वीस मिनिटांत कप खालून ओल ओढून घेतो, उरलेलं पाणी ओतून टाका. वरचा थर सुका राहतो आणि रोपाची मान कोरडी राहते. बोअरचं पाणी जड असेल तर कपाच्या कडेला पांढरी बुरशीसारखी रेघ येते, ती बुरशी नसून क्षार असतात, तेव्हा बारीक रोपांना नळाला येणारं नर्मदेचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवून वापरलेलं बरं.

घरच्या खताबद्दल जरा सविस्तर बोलते कारण तुम्ही अर्धं खत घातलंय आणि खतात भाजीची सालं ओळखू येतात असं तुम्हीच लिहिलंय. सालं ओळखू येतात म्हणजे ते अजून खत झालेलं नाही. आपण इंदूरकरांना तर हे माहीत असायलाच हवं. १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथल्या संस्थेत, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, मूत्र-माती, राख यांचे थर लावून, ओल राखून, ठराविक दिवसांनी उलथापालथ करत साधारण तीन महिन्यात खत करायची रीत बसवली, ती जगभर आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तीन महिने, आणि तेही ढीग वर-खाली करून हवा खेळवून. बाल्कनीतल्या बादलीत महिनाभर दाबून ठेवलेला कचरा त्या जागी धरता येत नाही. कच्चं खत कुंडीत सडत राहतं, ऊब आणि ओल धरतं, आणि त्याच्याबरोबर रोपाच्या मानेवर बसणाऱ्या बुरश्याही पोसतं. तयार खताला पावसानंतरच्या मातीचा वास येतो, आंबट वास येत असेल तर अजून थांबा. तोपर्यंत विकतचं गांडूळखत वापरा, एवढ्याशा कामाला दोन-तीन किलो पुरतं.

आता तुमचे आडवे पडलेले टोमॅटो. दोन वेगळी दुखणी दिसायला सारखी असतात, म्हणून जवळ जाऊन मातीला टेकलेली मान बघा. मान हिरवी, टणक आहे, रोप फक्त लांबलंय आणि शेंडा दाराच्या दिशेने वळतोय, तर ते उजेडासाठी ताणलंय, ते वाचतं. मान पाणचट, तपकिरी, चिमटीत धरून पिळल्यासारखी बारीक झालीय आणि रोप तिथूनच मोडलंय, तर ती रोपं कोलमडण्याची बुरशी आहे, पिथियम किंवा रायझोक्टोनिया, आणि तशा रोपाला औषध नाही. ते आसपासच्या चमचाभर मातीसकट काढून टाका, ती माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, पाणी दोन दिवस पूर्ण बंद करा आणि कुंडी मोकळ्या हवेत ठेवा. उरलेल्यांसाठी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर बियाण्यांच्या दुकानात मिळते, ती पाकिटावरच्या मापाने पाण्यात कालवून घालता येईल, पण ती आजार होऊ नये म्हणून, झालेला बरा करायला नाही. दाट पेरणी, जास्त पाणी, कोंदट जागा, कच्चं खत, या चारांपैकी तीन तुमच्याकडे आहेत, म्हणून काही रोपं याने गेली असणारच असं मला फोटोवरून वाटतं. खात्री तुम्ही मान बघूनच करा.

जी नुसती लांबलीत त्यांना आजच हलवा. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं की तिथून नवी मुळं फुटतात, हा त्याचा मोठा गुण आहे, म्हणून खोल कपात त्याला पहिल्या दोन पानांपर्यंत, म्हणजे बीजपत्रांपर्यंत गाडून लावा. उचलताना पानाला धरा, खोडाला नको, पान तुटलं तर दुसरं येईल. वांग्या-मिरचीला एवढं खोल गाडू नका, त्यांना ते तितकंसं मानवत नाही.

आणि मग ऊन. माझ्या उत्तरातला जो भाग सगळ्यात जास्त परिस्थितीवर अवलंबून आहे तो हा, कारण तुमच्या बाल्कनीसमोर काय आहे ते मला माहीत नाही. समोर बिल्डिंग नसेल तर पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं तीन-चार तास ऊन मिळतं. तेवढ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळ्याची पानं उत्तम होतात. टोमॅटो, मिरची, वांग्याला फळं धरायला सहा तास तरी थेट ऊन लागतं, तीन-चार तासात झाड वाढेल, चार फळंही देईल, पण फोटोत बघतो तसं लगडणार नाही. गच्चीवर सोसायटी ठेवू देत असेल तर फळवाल्या कुंड्या वर न्या. अजून एक, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे तुमच्या बाल्कनीच्या दक्षिणेकडच्या भिंतीची सावली डिसेंबरात जास्त पडेल, कुंड्या उत्तरेच्या टोकाला सरकवून बघा. दक्षिणेची खिडकी असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी तीच तुमची सगळ्यात चांगली जागा आहे, तिथे ऊन आतपर्यंत येतं.

घरातल्या ट्यूबलाइटने हे काम होत नाही, आपल्या डोळ्याला हॉल उजळ वाटतो पण बाहेरच्या सावलीतसुद्धा हॉलपेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. हॉलमध्ये वाढलेली रोपं एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका, पानं पांढरी पडतात. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण. वाऱ्यालाही घाबरू नका, हलक्या वाऱ्याने हललेली रोपं बुटकी आणि मजबूत होतात, आमच्याकडे मुली ट्रेवरून रोज अलगद हात फिरवतात ते त्यासाठीच.

कबुतरांची तुमची तक्रार अगदी खरी आहे, या शहरात बाल्कनीवाल्यांना त्यांचा फार त्रास आहे आणि गच्चीवर खारी वेगळ्याच. पण त्यावर उपाय कुंड्या आत नेणं नाही. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चार काड्यांवर ताणून बांधा, कडा चिमट्याने कुंडीला अडकवा. याचा दुसरा फायदा असा की पांढरी माशीही बरीचशी अडते, टोमॅटो-मिरचीची पानं आकसून चुरडा-मुरडा होतात त्याचा विषाणू तीच आणते, आणि लहानपणी लागण झालेलं झाड मग सावरत नाही. मुंग्या बी उचलून नेतात, त्यासाठी कपांची ताटली पाण्याच्या परातीत विटेवर ठेवली की झालं.

आता बियाणं नकली आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, घरी तपासता येतं. पाकिटात बी उरलं असेल तर प्रत्येकी दहा दाणे ओल्या सुती फडक्यात किंवा टिश्यूत गुंडाळा, डब्यात ठेवा, डबा घट्ट बंद नको, स्वयंपाकघरात जिथे ऊबदार असेल तिथे ठेवा, फडकं ओलसर राहील एवढं बघा. टोमॅटो आठव्या दिवशी, मिरची-वांगं चौदाव्या दिवशी मोजा. आपल्याकडे प्रमाणित बियाण्याला कमीत कमी उगवण ठरवून दिलेली आहे, टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरची आणि गाजराला ६०. म्हणजे चांगल्या मिरचीच्या दहापैकी चार उगवल्या नाहीत तरी ते बी नियमात बसतं. फडक्यात सहा-सात उगवले आणि कुंडीत एकही नाही, तर दोष कुंडीत. फडक्यातही एक-दोनच आले तर बी जुनं आहे किंवा उन्हातान्हात पडलेलं आहे, ते सोडून द्या.

पुढच्या वेळी किट घेण्याऐवजी छावनीकडच्या बियाण्यांच्या दुकानातून सुटं पाकीट घ्या, आणि चित्र न बघता मागचा मजकूर वाचा. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणाच्या पाकिटावर वाणाचं नाव, उगवणीची टक्केवारी, शुद्धता, तपासणीची तारीख लिहावी लागते. मुदत साधारणपणे तपासणीपासून नऊ महिन्यांची असते. कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं, मिरची-भेंडी दोनेक वर्षं, टोमॅटो नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं. बी गुलाबी-निळं रंगवलेलं असेल तर त्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं, हात धुवा, लहान मुलांपासून लांब ठेवा आणि उरलेलं बी चुकूनही खायच्या डब्यात टाकू नका. पाकिटावर एफ-वन किंवा हायब्रीड लिहिलं असेल तर त्या फळातलं बी पुढच्या वर्षी ठेवू नका, झाड येईल पण त्याच गुणाचं येणार नाही. बी धरायची हौस असेल तर सुधारित किंवा देशी वाण मागा.

खताचं उत्तर छोटं आहे, आत्ता काहीही नाही. बीजपत्रं म्हणजे त्या पहिल्या दोन गुळगुळीत पानांतच रोपाचं पहिलं जेवण असतं. खरी पानं, टोमॅटोची कातरलेली, चुरडल्यावर वास येणारी, दोन आली की मग आठवड्यातून एकदा पातळ व्हर्मीवॉश म्हणजे गांडूळखतातून निथळलेलं पाणी, किंवा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, याहून जास्त नको. आडव्या पडलेल्या रोपाला खत दिलं तर ते अजून लांबतं.

आणि रोपं विकत आणावी का? टोमॅटो, वांगं, मिरची घरी तीन-तीन झाडं पुरतात, या वर्षी तुमचे कप जमले नाहीत तर कार्तिकात चार रोपं आणून लावलीत तरी काही बिघडत नाही. आणताना बुटकं, जाड खोडाचं, चार-पाच खऱ्या पानांचं घ्या, फूल आलेलं उंच रोप घेऊ नका. मिरचीच्या बाबतीत मी तर हेच सुचवेन, आत्ता पेरलेली मिरची थंडीत दोन महिने तशीच बसते. पण मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा यांची रोपं आणायची नसतातच, ते जागेवरच पेरावं लागतं, मुळा-गाजराचं तर मूळ एकदा हललं की ते वाकडं, फाटकं होतं. त्यामुळे बी पेरणं तुम्हाला सोडता येणार नाही, आणि सोडूही नका.

या आठवड्यात एवढं करा. सगळ्या कुंड्या बाहेर, मच्छरदाणीखाली. पाणी बोट घालून बघून, सकाळीच. कोथिंबीर, मिरची, वांग्याच्या कुंड्यांना अजून दहा दिवस हात लावू नका, फक्त वरची पापडी काट्याच्या टोकाने अगदी वरवर मोकळी करा. गाजर नव्याने पेरा, पसरट कुंडीपेक्षा फूटभर खोल बादली घ्या, त्यात निम्मी वाळू घातलेलं मिश्रण, बी वाळूत कालवून ओळीत सोडा, ओलं पोतं झाका आणि आठव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. टोमॅटो कपात पुन्हा लावा, दिवाळीच्या आगेमागे ते चार-पाच पानांवर येतील, मग प्रत्येकी एक, बारा इंची कुंडीत. मुळ्याची विरळणी तीन-तीन इंचांवर आजच करा, फोटोत ते एकमेकांच्या अंगावर आहेत. भेंडी आणि गिलकीचं उरलेलं बी काचेच्या बाटलीत, औषधांच्या डबीत येते ती सिलिका जेलची पुडी टाकून, झाकण घट्ट लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि वर पेनाने ‘फेब्रुवारी, पंधरा तारखेनंतर’ असं लिहून ठेवा. तेव्हा पेरायच्या आदल्या रात्री भिजत घाला, गिलकीची काळी साल पॉलिश पेपरवर दोनदा हलकी घासून घ्या, मग ती सात-आठ दिवसात उगवते.